खिंडीतून येणारा मुराळी

ज्या माणसानं सगळी नोकरी केजच्या बसस्टँडवर माइकसमोर बसून गाड्या सोडण्यात घालवली, त्याच माणसाला त्याच्या सख्ख्या बहिणीनं फोन करून सांगावं, की 'मला न्यायला येणार असशील तर गाडी आणू नकोस', याला काय म्हणावं? मी अपमान म्हणालो. आमची बायको वनमाला व्यायाम म्हणाली.

झालं असं. दर नागपंचमीला मी ताराअक्काचा मुराळी असतो. सणाला बहिणीला सासरहून माहेरी आणायचं काम भावाचं, आणि तिला भाऊ म्हणून मी एकटाच आहे. आमचं मूळ गाव हिवरवाडी, डोंगराच्या अलीकडच्या उतारावर. अक्का दिली चिंचखोरीला, म्हणजे त्याच डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याला. मध्ये एक खिंड. पूर्वी सकाळी भाकरी बांधून निघालं की जेवणाच्या वेळेला माणूस पलीकडं. आता डांबरी सडका झाल्या, त्यामुळे गावं जवळ आली असं सगळे म्हणतात. म्हणजे हिवरवाडीहून जीपनं केजला यायचं, केजहून दुसरी जीप धरायची, फाट्यावर उतरून तिसरी येईपर्यंत चहा प्यायचा. सोय इतकी झाली आहे की दिवस जातो.

यंदा पंचमीच्या आधी महिनाभर अक्काचा फोन आला. "म्या येत न्हाई यंदा."

"का? कुणी काही बोललं का?"

"कोन काय बोलतंय मला! तू जीप घेऊन येतूस, ती कवा येती कळत न्हाई. एकदम दारात भों करती. काळजात धस्स होतं माझ्या. मुराळी असा येतो का? मुराळी खिंडीतनं निघाला की वसरीवरनं दिसाय पाहिजे. आधी मुंगीएवढा. मग येत येत मोठा. बाबा तसे यायचे. तू तसा यायचास. तसा येशील तर येते."

"अक्का, ती वाट राहिली नाही आता."

"वाट कुठं जाईल?" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

खरं सांगतो, मला राग आला, पण तो फार टिकला नाही. ती वाट मलाही आठवत होती. पहिल्यांदा एकटा गेलो तेव्हा मी सातवीत होतो. खिंडीतून खाली बघितलं की चिंचखोरीची घरं दिसायची आणि त्यातल्या एका घरासमोर कुणीतरी उभं असायचं. ते कुणीतरी म्हणजे अक्काच, हे इतक्या लांबून ओळखायचं काही कारण नव्हतं, तरी ओळखू यायचं. जीपमधून मला कधी असं कुणी उभं राहिलेलं दिसलं नाही. त्या रात्री मी वनमालेला सांगून टाकलं, की ती वाट मी शोधणार.

"कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तर स्कूटर काढता," ती म्हणाली, "आणि डोंगर चढणार?"

सकाळपर्यंत ही बातमी शेजारच्या अमरसिंहाकडं पोचली होती. अमरसिंह हा आमच्या गल्लीतला होतकरू पुढारी. पांढरे कपडे घालतो, कायम फोन कानाला असतो आणि दुसऱ्या बाजूला कुणी असतं की नाही याबद्दल गल्लीत दोन मतं आहेत. तो कुंपणावरूनच म्हणाला, "काका, ह्याला ट्रेकिंग म्हणत्यात. लई भारी गोष्ट हाय. पुण्याची लोकं पैसे देऊन करत्यात. आधी बूट घ्या."

मी बूट घेतले. दुकानदारानं सांगितलं की हे बूट हिमालयात चालतात. चालत असतील. केजमध्ये ते मेनरोडपर्यंत चालले आणि तिथं त्यांनी माझ्या दोन्ही टाचा सोलल्या. तेव्हापासून ते वनमालेच्या तुळशीपाशी आहेत आणि त्यांच्यात पुदिना चांगला आला आहे.

मी नोकरदार माणूस. कुठलीही गोष्ट हरवली की आधी कचेरीत जायचं, हे माझ्या रक्तात आहे. नकाशाच्या खिडकीवरच्या बाबूनं चष्म्यावरून बघत विचारलं, "गट नंबर?"

"कशाचा?"

"वाटेचा."

"अहो, वाट कितीतरी गटांतून जाते. तिचा स्वतःचा गट कसा असेल?"

"स्वतःचा गट न्हाई म्हंजी ती कागदावर न्हाईच," तो म्हणाला. पण माणूस वाईट नव्हता. त्यानं मला आत बसवलं. "तुमी असं करा, रस्त्याची केस टाका. अडवलेला रस्ता खुला करून मागायचा. अर्जदार तुमी. सामनेवाला कोन?"

"सामनेवाला कोणी नाही."

"रस्ता अडवला कोनी?"

"कोणीच नाही. लोक जायचे बंद झाले, म्हणून बुजला."

त्यानं पेन खाली ठेवलं. "साहेब, असं चालत न्हाई. हितं रोज मानसं येत्यात. भावानं बांध कोरला, चुलत्यानं काटे टाकले. कोनी अडवल्याबिगर खुला कसा करायचा? घरी जाऊन शांत डोक्यानं इचार करा. कोनाचं तरी नाव आठवंल."

मी घरी येऊन खरोखर विचार केला. जीपवाल्यांना सामनेवाले करावं, तर ते म्हणतील, आम्ही कुणाला अडवलं? आम्ही तर बसवलं. पोरांच्या मोटारसायकलींनी काय गुन्हा केला? डोंगरावरच्या बायाबापड्यांना डोक्यावर ओझं घेऊन ती चढण चढावी लागत नाही, हे तर चांगलंच झालं. वाट मोडली, पण ज्याच्यावर चिडावं असा एकही माणूस सापडेना. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग मी हिवरवाडीला गेलो. तिथलं घर आणि शेती माझा चुलतभाऊ हनुमान बघतो. तो म्हणाला, "म्हाळूला इचारू. रोज शेळ्या घेऊन डोंगरावर असतो. त्याला ठावं असंल."

म्हाळू लिंबाखाली बसला होता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वाट म्या कशाला ध्यानात ठिवू? शेळ्या म्होरं, म्या मागं. तुमी बी चला."

आम्ही शेळ्यांच्या मागं निघालो. शेळ्या मोठ्या आत्मविश्वासानं चालत होत्या. काट्यातून शिरल्या, बांधावर चढल्या, एका ओढ्यातून दोनदा गेल्या. मला वाटलं, मुक्या जनावराला जुनी वाट बरोबर कळते. दिवस कलला तेव्हा आम्ही एका लिंबाखाली येऊन पोचलो. लिंब ओळखीचा वाटला. तो तोच होता.

"हे काय रे म्हाळू?"

"शेळ्या कुठं पोचाय जात न्हाईत, आप्पा," म्हाळू शांतपणे म्हणाला. "खाय जात्यात."

तरी तो दिवस अगदीच फुकट गेला नाही. हनुमानच्या तुरीच्या वरच्या अंगाला काळा खडक उघडा पडला होता आणि त्यावर वीतभर रुंदीचा एक पट्टा सापडला, पायांनी घासून घासून गुळगुळीत झालेला. मी खाली बसलो आणि त्यावरून हात फिरवला. माझे पाय त्यात होते, बाबांचे होते, माहेराहून परत जाताना रेंगाळणारे अक्काचे होते. हनुमानला वाटलं मला चक्कर आली. त्यानं माझ्या डोक्यावर बाटलीभर पाणी ओतलं.

आता या खुणा पुन्हा हरवू नयेत म्हणून काय करावं? आमच्या डेपोत मोठे साहेब येणार असले की आम्ही एकच गोष्ट करायचो: दिसेल त्या दगडाला चुना फासायचो. साहेब खूश होऊन जात. सरकारी नोकरीत शिकलेलं काहीच वाया जात नाही. मी बादली आणि ब्रश घेतला आणि त्या खडकापासून वर, जिथं जिथं वाटेचा माग लागला तिथं तिथं ठरावीक अंतरावर एकेक दगड पांढरा करत गेलो. दोन फेऱ्यांत खिंडीपर्यंत पोचलो. वरून मागं बघितलं तर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ डोंगरावरून गावापर्यंत उतरली होती. मला भरून आलं. पंचमीला आता आठवडाच राहिला होता.

पण आपल्याकडं रानात ओळीनं चुना फासलेले दगड दिसले, तर त्याचा अर्थ एकच होतो, हे मी विसरलो. जमीन जाणार!

पुढच्या खेपेला गेलो तर माझ्या दगडांच्या दोन्ही बाजूंनी आंब्याची रोपं उभी होती. काहींच्या पिशव्यासुद्धा काढलेल्या नव्हत्या. रोपवाटिकेतली रोपं संपली म्हणून एकानं झेंडूची लावली होती आणि ती फळझाडं असल्याचं तो शपथेवर सांगत होता. मोबदला झाडागणिक मिळतो ना! हनुमान स्वतः त्या गुळगुळीत खडकावर पत्र्याचं शेड ठोकत होता. शेडमध्ये एक वासरू होतं, भेदरलेलं.

"हनुमान, हे काय?"

"गोठा हाय."

"कधीपासून?"

"कोनी इचारलं तर सांगायचं, लई वर्सं झाली."

मी त्याला ओरडून सांगितलं, की बाबा रे, हा चुना माझा आहे, माझ्या घरचा आहे. त्यानं इकडंतिकडं बघितलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "आप्पा, तुमाला वरनं गप बसा म्हनले असतील. आमी कुनाला सांगत न्हाई." त्यानंतर मी जितक्यांदा नाही म्हणालो, तितकी लोकांची खात्री पक्की झाली.

फाट्यावर फलक लागला: 'हिवरवाडी–चिंचखोरी महामार्ग. अमरसिंहभाऊंच्या अथक पाठपुराव्याला यश.' अमरसिंह त्यात फोनवर बोलत होता. खालच्या कोपऱ्यात, 'मार्गदर्शक' या शब्दाखाली, माझा फोटो होता. निवृत्तीच्या निरोप समारंभातला, हातात नारळ घेतलेला. मी त्याला जाब विचारायला गेलो तर तो म्हणाला, "काका, महामार्ग झाला तर झाला. न्हाई झाला तर मोर्चा काढू. तुमचा फोटो तवा बी लागंल."

इथवर एक वेळ चाललं असतं. पण ज्यांच्या शेतातून माझी ओळ जात नव्हती त्यांनी काय पाप केलं होतं? त्यांनी माझे दगड उचलून आपापल्या रानात नेले. मग ज्यांचे गेले त्यांनी नवे दगड रंगवले. दोन दिवसांत माझी वाट एका विहिरीला वळसा घालून, मारुतीच्या पाराला खेटून, कुणाच्या तरी उसात शिरली आणि बाहेरच आली नाही. आधी ती नुसती बुजलेली होती. आता ती गावभर झाली होती.

शेवटी तलाठी आले. पारावर पंचनामा बसला. तलाठ्यांनी मला विचारलं, "तुम्ही कोणत्या विभागाचे?"

"एस.टी. निवृत्त."

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजी खिंडीत स्टँड होनार!" त्यानंतर पंचनामा ऐकू येईना. दोघेजण तर तिथल्या तिथं मला कँटीनबद्दल विचारून गेले.

मी उभा राहिलो. माइकवर बोलायची सवय असल्यामुळे माझा आवाज पोचतो. मी म्हणालो, "स्टँड नाही, महामार्ग नाही, काही नाही. माझी बहीण चिंचखोरीत आहे. तिला पंचमीला आणायला मला डोंगरावरून चालत जायचं आहे. तिला मी लांबून दिसायला पाहिजे. एवढंच."

"एवढ्यासाठी?" तलाठी म्हणाले, आणि सगळा पार हसला. हनुमानही हसला. हसण्यासारखंच होतं, मला मान्य आहे. पण मला फार वाईट वाटलं. पुन्हा कुणाच्याही दगडाला चुना लावणार नाही असं लिहून देऊन मी केजला परत आलो.

घरी मी वनमालेला म्हणालो, "जीपनंच जातो. तिची समजूत घालतो."

ती कपड्यांच्या घड्या करत होती. "आमच्या गावाला वाट सपाट," ती म्हणाली. "मुराळी बाभळीच्या आडून एकदम समोर यायचा. लांबून दिसायची सोयच नव्हती. तरी मी सकाळपासून त्या बाभळीकडं बघत बसायचे." मग तिनं माझा पांढरा सदरा काढला आणि इस्त्री तापत घातली. "हाच घाला. डोंगरावर पांढरं उठून दिसतं."

पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावाचा उपास करतात. त्या दिवशी सकाळी मी हिवरवाडीतून पायी निघालो. पायांत जुन्या चपला, हातात छत्री, पिशवीत वनमालेनं न सांगता टाकलेली बामची बाटली. खिंडीपर्यंत फार त्रास झाला नाही. मोबदल्याच्या आशेनं गाव इतक्यांदा वरखाली गेलं होतं की मळलेली पायवाट पडली होती, अगदी बाबांच्या वेळेसारखी.

खिंडीच्या पलीकडं मात्र कुणी गेलं नव्हतं. तो उतार कुणाच्या मालकीचा नव्हता. सगळीकडं कमरेएवढी घाणेरीची झुडपं माजली होती. वाट नावाला नव्हती. खाली चिंचखोरीचे पत्रे चमकत होते, पण अक्काचं घर कुठलं ते मला ओळखता येईना. मी तिथंच एका धोंड्यावर बसलो. तेवढ्यात फोन वाजला. बबिता होती, अक्काची सून. तिनं फोन अक्काकडं दिला.

"कुठं हायस?"

"खिंडीत."

"उभा रहा. छत्री आनलीस?"

"आणली."

"हालीव."

मी उभा राहून छत्री हलवली. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "हां. दिसलास बघ!"

तिचा आवाज एकदम लहान झाला होता. मीही सातवीतला झालो. "अक्का, इथं वाटच नाही गं. सगळी घाणेरी आहे."

"डाव्या अंगाला पळस हाय का?"

"आहे."

"त्याच्या मुळाखालनं उतर. निसरडं हाय. बाबा तिथं चपला हातात घ्यायचे." मी चपला हातात घेतल्या, तरी बसकण मारून बराच खाली आलो. "आता आडवा चल. म्होरं मोठा धोंडा लागंल, त्याच्या वरनं ये, खालनं नगं. खालनं बाबा एकदाच आलते, धोतर फाडून घेतलं त्यांनी." ती सांगत गेली, मी उतरत गेलो. जी वाट मी इतक्यांदा तुडवली आणि तरी मला आठवत नव्हती, ती तिला सगळी पाठ होती. ती या वाटेनं माहेरपणाला तेवढी गेली. बाकी सगळी वर्षं तिनं खाली बसून बघितली.

"आता घळीत उतरशील," ती म्हणाली. "तिथं मानूस दिसंनासं होतं. म्या त्या वक्ताला आत जाऊन दोन भाकरी थापून यायचे. तवर पुन्हा दिसायचं. जा. घाई करू नगस."

घळीत फोनची रेंज गेली. काट्यांत सदऱ्याची एक बाही राहिली, पायजमा गुडघ्यापासून खाली फाटला, छत्रीच्या काड्या उलट्या झाल्या. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. खाली आपलं कुणीतरी दोन भाकरी होईपर्यंत वाट बघत आहे, हे किती वर्षांनी मला पुन्हा मिळालं होतं. वर निघालो तोच फोन वाजला. "निघालास का? आता सरळ ये."

अक्का वसरीवर खांबाला टेकून, डोंगराकडं तोंड करून बसली होती. अंगावर नवं लुगडं, शेजारी भरलेली पिशवी. मी अंगणात शिरलो, चिखलानं पायापासून मानेपर्यंत माखलेला.

"आलास?" ती म्हणाली. "बबिता, जीप सांग गं कोनाला तरी."

"जीप?" मी मटकन खाली बसलो. "अक्का, जीप नको म्हणालीस ना?"

"मुराळी पायी यावा म्हनले म्या. म्या कुठं पायी येते म्हनले? गुडघे बघ माझे." ती खुशीत हसली. "पन काय बेस दिसायलास रे आप्पा! पांढराशिप्पट सदरा."

मी माझ्या सदऱ्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं पाहिलं. ती माझ्या थोडं उजवीकडं बघून हसत होती.

बबितानं पाणी आणलं. मला तांब्या दिला. अक्काचा हात उचलून त्यात पेला ठेवला आणि तिची बोटं मिटेपर्यंत धरून ठेवला. मग हळूच म्हणाली, "होळीपासनं काहीच दिसत न्हाई, मामा. काचबिंदू म्हनले. मोठ्या दवाखान्यात नेलतं. उपाव न्हाई म्हनले आता. तुमाला कळवू देईनात."

"कान हाईत माझे," अक्का म्हणाली. पाणी पिऊन तिनं पेला चाचपत खाली ठेवला. "सांगितलं असतं तर तू मला बघायला आला असतास. सगळी बघायलाच येत्यात. मला न्यायला येनारं कोनी पाहिजे होतं."

मी तिच्याजवळ सरकलो आणि तिचा हात हातात घेतला. मग विचारलं, "अक्का, मग मी डोंगरावर..."

"दिसलास की," ती म्हणाली. "खिंडीतनं निघाल्यापासनं दिसलास. मधी घळीत गेलतास, तेवढा वेळ तेवढा दिसला न्हाईस."